हिराबायच्या पोटावरचा हात

हे माझ्या नवऱ्याला कधी कळलं नाही. तो गेला, न कळताच गेला. मुलीला सांगितलं नाही — ती स्वतः डॉक्टर आहे, तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं. डोंबिवलीत कुणालाही विचारा, मला भित्री म्हणणारं एक माणूस सापडणार नाही. फटकळ म्हणतील, शिष्ट म्हणतील, आमच्या बिल्डिंगमधल्या बायका तर आणखी काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण भित्री? छे. आणि तरी हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी हृदयाची डॉक्टर. आता निवृत्त. ऐंशीचं दशक संपत आलेलं, तेव्हा मी ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होते. पेसमेकर लागणारा पेशंट आला की आम्ही त्याला मुंबईला पाठवायचो. मला ते सहन होत नसे. मी मुंबईतच शिकून आलेले, सरांच्या हाताखाली पेसमेकर बसवलेले — पण हाताखाली. माझ्या एकटीच्या नावावर एकही नाही. ट्रस्टींच्या इतकं मागे लागले, की शेवटी त्यांनी एक्स-रेचं फिरतं मशीन आणवलं. वर माझ्या सरांनी फोनवर ऐकवलं, 'ठाण्यात कशाला घाई करतेस?' झालं. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, पेसमेकरची डबी बसवली की झालं. डबी काय, खांद्याखाली कातडीत खिसा करून सरकवायची — ते शिंप्याचं काम. खरं काम तारेचं. शिरेतून तार आत सोडायची आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तळाशी नेऊन टेकवायची. पण नेमकी कुठे? पडद्यावर तार दिसते, मांस दिसत नाही. नुसती एक हलती सावली. त्यात निरोगी मांस कुठलं, निबर झालेलं कुठलं, भिंत जाड कुठे आणि पातळ कुठे — डोळ्यांना काही कळत नाही. आंधळी कोशिंबीरच ती. म्हणून तार टेकवायची, करंट द्यायचा, आणि तो कमी कमी करत बघायचं, कितीवर ठोका पडतो. थोड्या करंटवर पडला तर जागा चांगली. जास्त लागला तर उचल तार, टेकव दुसरीकडे.

आणि सगळ्यात शेवटी एक गोष्ट करायची. सर ती केल्याशिवाय टाका घालू देत नसत. करंट मुद्दाम पूर्ण वाढवायचा आणि पेशंटच्या पोटावर आपला तळहात ठेवायचा. हृदयाच्या खालीच श्वासाचा स्नायू असतो. तार पातळ जागी, नको तितकी खोल रुतलेली असेल तर करंट पलीकडे त्या स्नायूला लागतो आणि दर ठोक्याला पोट उडतं. यंत्र सांगत नाही, पडदा सांगत नाही, हाताला कळतं. कळलं की जागा बदलायची. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

हिराबाय कोलशेतच्या खाडीकडची कोळीण. साठी उलटलेली, अंगाने थोराड, आवाज असा की ओपीडीत बोलली तर औषधाच्या दुकानात ऐकू जावा. चालता चालता डोळ्यांपुढे काळोख येऊन पडायची. दोनदा मासळीच्या पाटीसकट पडलेली. हृदयाचे ठोके मध्येच अडत होते, पेसमेकरशिवाय दुसरा इलाज नव्हता. मुलगा जवळच्याच कारखान्यात कामाला, सुधाकर त्याचं नाव. तो मला मॅडम म्हणायचा. ती सरळ 'तू' म्हणायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू, मला माहीत होतं की. तरी ते मला खुपायचं. सांगून टाकते — फार खुपायचं.

ऑपरेशनला पेशंट जागा असतो, फक्त तेवढी जागा बधिर करतात. ही बाई पूर्ण वेळ बोलत होती. सिस्टर पण डोंबिवलीचीच, तिला म्हणाली, तुमचे डोंबोलीन बोंबील काय ताजं मिलत नाय. मग मला म्हणाली, "तू काय खातंस गो डाक्टरीणबाय, भेंडी?" सगळे हसले. वॉर्डबॉयसुद्धा हसला. मी हसले नाही. तार बसत नव्हती. टेकवली की सरकत होती, पुन्हा टेकवली की करंट जास्त लागत होता. मशीन तापून मध्येच बंद पडायचं, मग हात वर धरून ते गार होईपर्यंत उभं राहायचं. आणि बाहेर ट्रस्टी पुष्पगुच्छ घेऊन बसलेले. पेढे आणलेले. गावातल्या पेपरचा फोटोग्राफर आलेला. कुणी बोलावलं होतं त्याला? मीच.

शेवटी एका जागी आकडा जरा बरा आला. चांगला नव्हे, चालेल इतपत. मी करंट वाढवायला सांगितला आणि पोटावर हात ठेवला. मग सिस्टरला म्हटलं, "ओके आहे. शिवू या."

ओके होतं का? — थांबा. येते तिथे.

आठवड्याने ती टाके काढायला आली आणि म्हणाली, पोटात कुणीतरी टिचक्या मारतंय. निजलं की जास्त. बसलं की कमी, पण थांबत नाही. मी म्हटलं, नवीन मशीन आहे, सवय होईल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. आता जेवताना घास उडतो म्हणाली. बाजारात गिऱ्हाईक हसतं म्हणाली — मासळी कापताना अंगाला हिसका बसतो, कोयती चुकते, गिऱ्हाईक म्हणतं, काय मावशी, उचकी लागली का? मी काय केलं, विचारा. मी सगळ्या ओपीडीदेखत म्हटलं, "हिराबाय, टिचक्या पोटात नाहीत, डोक्यात आहेत." बाकावरचे पेशंट हसले. ती पण हसली, उशिरा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, एक तोंडाळ डॉक्टर, कामाच्या रगाड्यात बोलून गेली असेल. तसं नाही हो. मला मजा येत होती. संक्रांतीला आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं, तिथे मी तिची नक्कल करून दाखवली. 'डाक्टरीणबाय, टिचक्या मारतंय गो' — असं म्हणत दर शब्दाला पोट उडवायचं. बायका तिळगुळाच्या वाट्या हातात धरून हसून हसून बेजार. 'पुन्हा करा ना' म्हणाल्या. मी पुन्हा केली. ठोका अगदी बरोबर पकडलेला मी. का नसेल पकडला? मला तो माहीत होता.

तर आता सांगते. ऑपरेशनच्या दिवशी माझा तळहात तिच्या पोटावर होता तेव्हा पोट उडत होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं उडत होतं. मग मी करंट नेहमी ठेवतात तेवढ्यावर आणायला लावला — तरी उडत होतं. तार चुकीच्या जागी होती. मला शंका नव्हती, खात्री होती. पुन्हा उचलायची, पुन्हा शोधायची, फार तर आणखी तासभर लागला असता. नाही जमलं तर मुंबईला पाठवायचं आणि सरांना फोन करायचा. ते मला करायचं नव्हतं. एवढंच. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी ओके म्हटलं. मग बाहेर जाऊन फोटो काढून घेतला. हसरा आलाय.

पण हे सुद्धा सगळं नाही. हे एकवेळ मी कुणाला तरी सांगितलं असतं. डॉक्टरांच्या चुका होतात, आम्ही आपापसात बोलतो देखील. मी जे लपवलंय ते याच्या पुढचं आहे.

एप्रिल असेल. हिराबाय सुनेला आणि सुधाकरला घेऊन आली. निम्मी झालेली. बाजारात बसणं तिने सोडलेलं. सून म्हणाली, घरात पण नाटकं चालतात, जेवताना ताट ढकलतात. हिराबाय टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आली, माझं मनगट धरलं आणि माझा हात स्वतःच्या पोटावर नेऊन दाबला. "बघ गो," म्हणाली. "तूच सांग यांना. तुजा मना भरोसा हाय. तू सांगशील तां खरा."

लुगड्यावरूनही कळत होतं. ठक, ठक, ठक. सुधाकर माझ्याकडे बघत होता, आणि एक सांगू? त्याला ती खरी ठरायला हवी होती. आईवर विश्वास ठेवायचं कारण तो माझ्याकडे मागत होता. काय केलं असतं मी? 'हो, उडतंय, तार सरकवायला हवी,' एवढंच म्हणायचं होतं. 'माझी चूक' असं म्हणायलाही कुणी सांगत नव्हतं. तार नंतर हलली म्हणाले असते तरी सगळ्यांना खरं वाटलं असतं. माझी अब्रू सुद्धा वाचली असती. मग का नाही म्हटलं? भीती? भीती होतीच. पण त्या क्षणी भीतीपेक्षा मोठं दुसरंच काहीतरी होतं. मला तिचा राग आलेला. तिने माझा हात धरला, न विचारता, तू म्हणून, मासळीच्या वासाच्या हाताने — आणि मला तिला खोटं पाडायचं होतं.

मी हात तिथेच ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला, तपासतेय असं दिसावं म्हणून. मग म्हटलं, "काही नाही. मला काही लागत नाही हाताला."

तिचा चेहरा मी बघितला. बघायचं टाळलं असं खोटं सांगणार नाही. तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत पोटाकडे. "नाय?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. मग सुधाकरला विचारलं, "यांच्या अंगात वगैरे येतं का?" तो म्हणाला, हो मॅडम, जत्रेला देवी येते. मी नुसतं 'हं' केलं. त्या एका हुंकारात मी तिला संपवलं. कल्याणच्या एका मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं — बारीकसारीक तक्रारी घेऊन येत जाऊ नका, मला खरे पेशंट बघायचे असतात. दारात सून तिला म्हणाली, "झालं समाधान?" ते मला ऐकू आलं. मी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

त्यानंतर ती आली नाही. मला बरं वाटलं. एकदाही वाटलं नाही की बोलावून घ्यावं, निदान एक्स-रे काढावा. पावसाळा सरला, नवरात्र आलं. तोवर मी आणखी पेसमेकर बसवले. चांगले बसवले. प्रत्येकाच्या पोटावर हात ठेवला आणि जरा कुठे लागलं की निमूटपणे तार उचलून दुसरी जागा शोधली. म्हणजे मला येत होतं.

दिवाळीनंतर सुधाकर आला. डोकं भादरलेलं. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आई गेली, मॅडम." बंधाऱ्यावर जवळा सुकत घातलेला, तो उलथायला गेलेली. तिथेच पडली. बायका धावल्या तेव्हा श्वास नव्हता.

मी विचारलं, त्रास होत होता का? हे मात्र मी का विचारलं, मलाच माहीत नाही. तो म्हणाला, "नाय मॅडम, उलट बरी होती. शेवटी शेवटी टिचक्या एकदम बंद झालेल्या. एवढी खूश झाली ती. सगळ्या आळीत सांगत फिरली, डाक्टरीणबाय बोलली तेच खरं, माझ्या मनाचाच खेळ होता, आता गेला. चक्कर यायची मधेमधे, एक-दोनदा पडली पण. आम्ही बोललो दवाखान्यात चल. तर बोलली, नको, ते पण मनाचंच असेल, डाक्टरीणबायला कशाला पुन्हा तरास."

तुम्हाला समजलं ना? त्याला समजलेलं नव्हतं. टिचक्या थांबल्या कारण तार जागेवरून निसटली. निसटली म्हणून हृदयालाही करंट पोचेना. पोट उडायचं थांबलं तो दिवस तिच्यासाठी धावतपळत दवाखान्यात येण्याचा होता, आणि त्या दिवशी ती आळीभर माझं कौतुक करत हिंडली. माझ्यासमोर तिचा मुलगा उभा होता आणि हे सगळं मला एका दमात कळलं. मी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

तो म्हणाला, "मॅडम, आईने सांगून ठेवलेलं, एकदा जाऊन डाक्टरीणबायची माफी माग. तिला मी उगाच खोटं पाडायला गेलेली. तुम्हाला लय बोलली, हात धरला तुमचा. ती अडाणी होती मॅडम. माफ करा तिला."

मी म्हटलं, "असू दे. मी मनावर घेतलं नव्हतं."

तो वाकून पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.