विहिरीच्या गोष्टीचा शेवट

१९९९ सालच्या वसुबारसेला वारूळवाडीतल्या आमच्या ओट्यावर दरवर्षीप्रमाणे पाच घरांची माणसं जमली आणि प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी झाली. अडीचशेत पाच दिवाळी अंक आले. एक अंक एका घरी आठ दिवस, मग पुढच्या घरी. भयकथांचा अंक माझ्या हट्टाने यादीत होता आणि तो माझ्याकडे यायचा टोमॅटोची आडत चालवणाऱ्या शेजारच्या भाऊंनंतर. त्रास तिथेच होता.

भाऊंच्या पोटात गोष्ट राहत नसे. मागच्या वर्षी मी अंक उघडला तोच ते बांधावरून ओरडले, "ती भाडेकरीण वाचली का? पहिल्यापासून मेल्याली व्हती ती!"

भयकथेत जिना, कंदील, न भुंकणारं कुत्रं हे लेखकाने मोजूनमापून मांडलेलं असतं. शेवट आधी कळला की नुसतं सामान उरतं. हे मी भाऊंना तीन वर्षं सांगत होतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, "अवो, तुमाला भ्या वाटू नाय म्हणून सांगतो."

या वर्षी मी आधीच बजावलं की एक शब्द बोलायचा नाही. नवव्या दिवशी भाऊ अंक घेऊन तणतणतच आले. "फसवलं राव आपल्याला. विहिरीच्या गोष्टीला शेवटच नाय. पानं गाळली छापणाऱ्यानी."

मी पानं मोजली. चौऱ्याहत्तर ते सत्त्याऐंशी, चौदाच्या चौदा जागेवर. गोष्टीतला माणूस विहिरीत एकवीस पायऱ्या उतरतो आणि चढताना बावीस भरतात. दुसऱ्या दिवशी तेवीस. भूत नाही, शाप नाही, कारणही नाही. शेवटच्या ओळीत तो चाळीस म्हणतो आणि वरचा उजेड तेवढाच लांब असतो. संपलं.

जुन्या धाटणीच्या, शेवटी उलगडा होणाऱ्या कथा मलाही आवडतात. पण उलगडा झाला की भीती पुस्तकातच राहते. ही माझ्याबरोबर घराबाहेर आली. सकाळी मोटर बघायला आमच्या विहिरीत उतरलो तेव्हा पायऱ्या मोजल्या, सव्वीस. चढतानाही मोजल्या. सव्वीसच भरल्या, तरी वर आल्यावर वळून पुन्हा एकदा मोजल्या.

अंक सगळीकडे फिरून आल्यावर पाचही घरं पुन्हा ओट्यावर बसली. न सांगितलेलंच इथे खरं, हे मी परोपरीने सांगितलं.

शिंपीकाका म्हणाले, "मग मी बी सदरा बिनबाह्यांचा देतो. बाह्या तुमी मनात धरा."

सगळे हसले. हात वर झाले, चार विरुद्ध एक. पुढच्या वर्षी भयकथा बंद, त्या जागी पाककृतींचा अंक. एवढी चांगली गोष्ट गावात आली आणि तिचा निकाल लागला तो सदऱ्याच्या बाह्यांवर. वर्षभर ते माझ्या मनातून गेलं नाही.

२००० सालच्या दिवाळीत मी वर्गणीचे पन्नास भरले आणि नारायणगावच्या स्टँडवर भयकथांचा अंक स्वतःपुरता घ्यायला गेलो. भाऊ तिथेच उभे होते. त्यांनी माझ्या आधी अंक उचलून अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं.

"त्या विहिरीवाल्याचं फुडं आलंय का ह्यात?"

"नाही."

"मग वर आला का न्हाई त्यो?"

"तुम्हीच हात वर करून बंद केलात ना भाऊ?"

"ते अंकाचं झालं," ते म्हणाले. "माणसाचं काय?"

मी त्यांच्या हातून अंक काढून घेतला आणि पेपरवाल्याला पन्नास रुपये दिले, माझे एकट्याचे.