टेपखालची चिठ्ठी

त्या माणसाचं मी कधी वाईट चिंतलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी चिंतलं. दोन वर्षं, रोज, दुकानात पाऊल टाकताना चिंतलं.

दुकान वडिलांचं, जामबागेत. जळलेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचं. आम्ही परभणीकडचे, बौद्ध. वडील तरुणपणी हैदराबादला आले, एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली वायंडिंगचं हे काम शिकले आणि बरकतपुऱ्यात दोन खोल्यांत संसार मांडला. मी डिग्रीला होते आणि दुपारनंतर दुकानात बसायचे. वडिलांच्या कामाची एक रीत होती. कॉइल भरून झाली की तिच्या तळाला पेन्सिलीने तारीख आणि दुकानाची खूण. ही सगळ्यांना दिसणारी. पण गॅरंटीच्या नावावर लोक भलतीच जळकी कॉइल आणून आमच्या गळ्यात मारायचे, म्हणून दुसरी खूण आत असायची. तारेवर टेप गुंडाळण्याआधी ते करंगळीच्या नखाएवढी एक चिठ्ठी ठेवत. तीत तारीख, वेढ्यांचा आकडा आणि खाली 'जय भीम'. शहरातल्या कितीतरी बड्या घरांत, देवघराच्या पंख्यातसुद्धा, ते दोन शब्द गरगर फिरत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मला याची फार मजा वाटायची.

मग परदेशी माल खुला झाला, केबलवर दिवसभर गाणी सुरू झाली आणि शहरातल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं. कुणी अमेरिकेतल्या भावाकडून मागवी, कुणी जुनी आणून डागडुजी करी, कुणी सुताराकडून सागवानाची करून घेई. मग असली कुठली आणि नकली कुठली यावरून वाद. निवाडा करायचे इथल्याच हिमायतनगरचे एक काका. मराठीच, गावाकडे भरपूर शेती, इथे बंगला. रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण जमत. काका गिटार हातात घेत, लाकडाचा वास घेत, मागून-पुढून न्याहाळत आणि सांगत, "असली," नाहीतर, "डब्बा." डब्बा म्हटलं की मालकाचं तोंड एवढंसं होई. त्यांची स्वतःची गिटार अमेरिकेतली, जुनी, दुधाळ रंगाची, कडा झिजलेली. तिचा एक स्क्रूही कधी फिरलेला नाही, असं ते अभिमानाने सांगत.

ती गिटार एका भर दुपारी चादरीत गुंडाळून आमच्या दुकानात आली. तिचा पिकअप गेला होता. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी चुंबकांची कॉइल. ती मेली की इलेक्ट्रिक गिटार मुकी.

"उस्ताद," काका वडिलांना म्हणाले, "एवढं करून द्या. पण ये बात इथंच राहू द्या."

"हौ," वडील म्हणाले. "शब्द आहे माझा."

केसाहून बारीक तार आणि आठेक हजार वेढे. आमच्या मशीनवर ती तुटायला लागली, तेव्हा वडिलांनी आईच्या शिलाई मशीनचं चाक काढून आणलं आणि अंगठा-बोटाच्या चिमटीतून तार सोडत कॉइल भरली. शंभर वेढे झाले की मी वहीत एक रेघ मारायची. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी काकांनी दुकानातच वाजवून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "पहिल्यापेक्षा गोड झाली, उस्ताद." हे त्यांचेच शब्द.

महिन्याभराने त्यांचा अॅम्प्लिफायर घुमायला लागला म्हणून त्यांनी वडिलांना बंगल्यावर बोलावलं. मी पिशवी घेऊन सोबत गेले. रविवार होता, मंडळी जमलेली. वडील फरशीवर बसून सोल्डरिंग करत होते आणि वर सोफ्यावर निवाडा चालला होता. काकांनी एका मुलाची गिटार उलटी केली. तिचाही पिकअप आमच्याकडेच भरलेला.

"हिला वायंडिंगवाल्याचा हात लागलाय," काका म्हणाले. "असली चीज असल्या हातांनी बाटते. माझी बघा. कारखान्यातून निघाल्यापासून कुणाचा हात नाही."

वडील चार फुटांवर बसले होते. बाटते! माझ्या आजोबांनी हा शब्द गावच्या विहिरीवर ऐकला होता आणि त्या दिवशी गाव सोडलं होतं. आमच्या घरात तो कुणी तोंडातही आणत नसे. काका मुद्दाम बोलले की सहज, हे मला माहीत नाही. सहज बोलले असतील तर मला जास्त राग आहे. वडील ताज्या सोल्डरवर फुंकर घालत राहिले. परत येताना एवढंच म्हणाले, "शब्द दिलाय मी, बाई."

मी दिला नव्हता.

दोन वर्षांनी, वडील बाहेर गेलेले असताना, एक तेलुगू गृहस्थ दुकानात आला. अमेरिकेत कॉम्प्युटरची नोकरी, सुटीवर आलेला, गिटारची एक सुटलेली वायर जोडून हवी होती. येत्या रविवारी काकांची गिटार बघायला जाणार होता. तिकडचे शौकीन गिटार उघडून आतून बघतात, त्याशिवाय असली म्हणत नाहीत, असं तो बोलता बोलता म्हणाला.

"तो फिर यहाँ भी खोलके देखो," मी म्हटलं. "स्क्रूड्रायव्हर मैं लेके आतिऊँ."

रविवारी मी इस्त्रीचा ड्रेस घातला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या पाहुण्यासोबत काकांच्या बंगल्यावर गेले. गिटार वाजवून झाल्यावर, उघडून बघू का, असं पाहुण्याने आदबीने विचारलं. काका हसले.

"खोलो, खोलो. अपने को क्या छुपाना है?"

ते इतक्या सहज तयार कसे झाले, याचं मला नवल वाटलं. मी पिकअप बाहेर काढून उलटा केला तेव्हा कळलं. तळाची पेन्सिलीची खूण ब्लेडने खरवडून टाकली होती. म्हणजे घरी नेऊन यांनीच ती उघडली होती, वडिलांचा मागमूस पुसायला. क्षणभर मला रडू येणार असं वाटलं. मग संताप आला आणि मी टेपच्या टोकाला नख लावलं.

"टेप काढू का?" मी विचारलं.

"टेप नक्को!" काका ओरडले. चिठ्ठीची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, पण आतली तार नवी आहे हे ठाऊक होतं.

"क्यूँ, अंकल?" पाहुणा म्हणाला आणि त्याने मला मान हलवून खूण केली.

ती टेप कशी सोडवायची हे मला येत होतं. दुसऱ्या कुणी ओढली असती तर तार तुटली असती. दोन पदर निघाले आणि चिठ्ठी दिसली. पाहुण्याने ती उजेडात धरली.

"क्या लिखा है?"

मी त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि काकांपुढे धरली. "तुम्ही वाचा, काका. मराठीत आहे."

त्यांनी तारीख वाचली. वेढ्यांचा आकडा वाचला. मग थांबले.

"खाली अजून आहे."

ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, काका."

"जय भीम," काका म्हणाले.

"जय भीम, काका," मी म्हटलं.

संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. ते जेवायला बसले होते, ताट बाजूला सारून उठले. "माझा शब्द मोडलास," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "चिठ्ठी कुठंय?"

"होती तिथंच. परत टेप गुंडाळली."

"आणि त्यांनी काढायला घेतली तर?"

"घेऊ देत. तार तुटेल. मग येतील पुन्हा, चादरीत गुंडाळून."

वडील हसले नाहीत. पण येऊन बसले आणि ताट पुढे ओढलं.