कोबी तुडवणाऱ्या शिंदेवहिनी

शिंदेवहिनी कोबी पायांनी तुडवायच्या. बारीक चिरून मीठ लावलेला कोबी लाकडी पिंपात, आणि त्याच पिंपात साडी गुडघ्यापर्यंत खोचून वहिनी, थपथप करत. मी माडीवरून पाहिलं आणि मला ओकारी आली.

तेव्हा मी लग्न होऊन बिबवेवाडीत नुकतीच आलेली, नाकाने कांदे सोलणारी. आमच्या गल्लीत तीन पोलिश बायका होत्या. महायुद्धात कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. छावणी उठली, पण या तिघी मराठी नवरे करून मागे राहिल्या आणि पुढे नवऱ्यांबरोबर इकडे आल्या. गल्लीतले क्रोशाचे पडदे, कुंड्यांमधला शेपू, आंबलेल्या कोबीचा ओल्या मोज्यांसारखा वास, सगळं त्यांचंच. त्यांतल्या शिंदेवहिनींचं मराठी मात्र अस्सल कोल्हापुरी. वाटी पुढे करून म्हणायच्या, "खा की. पोटाला नाक असतंय व्हय?"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की त्यांच्या अंगणात सगळ्या गल्लीची पंगत बसे. आईवडील पोलंडहून येताना वाटेतच गेलेले. वहिनींना माहेर असं ते तेवढंच. हे मला ठाऊक होतं. तरी मी नळावर बायकांना पायांची गोष्ट सांगितली. वर "टाचांना भेगा आहेत हो" अशी पदरची भरही घातली. भेगा माझ्या टाचांना होत्या.

त्या वर्षी चांदणी उगवली, वीसेक पानं वाढलेली, आणि एकही माणूस फिरकलं नाही. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. पडदा वहिनींनीच विणून दिलेला. बराच वेळ वाट पाहून त्यांनी एकेक पान उचललं. पुन्हा पंगत कधी मांडली नाही.

पुढे कित्येक वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी कबूल केलं.

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "माडीवर तुझीच खिडकी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पाय गरम पाण्यानं घासूनच पिंपात उतरते म्हणून सांगितलं असतं, तर आली असतीस व्हय जेवाय?"

"नसते आले," मी म्हणाले. तिथे तरी खोटं बोलवेना.

"तू न्हाई आलीस तरी चाललं असतं गं. बाकीच्यांस्नी कशापायी थांबवलंस?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आठवड्याभरात गेल्या.

आता गल्लीच्या जागी टॉवर आहे. परवा नातीने तोच आंबवलेला कोबी महागड्या बरणीतून आणला. पोटाला हेल्दी म्हणे. माझं तोंड बघून म्हणाली, "आजी, तुला किळस येते?"

"येते," म्हटलं. कशाची, ते तिने विचारलं नाही.