कंडक्टरकाकांसाठी वाजतगाजत

टेलरकाकूंच्या घरात कुठलाही आवाज सांगून-सवरून व्हायचा. "पातेलं ठेवतेय हं," म्हटल्यावरच पातेलं ओट्यावर टेकायचं. "कात्री ठेवतेय." "खिडकी लावतेय." लेकीला तर शिंकसुद्धा आधी कळवायची सवय लागली होती. पण शिंकेला कुठला आलाय दम? बिचारी नाक चिमटीत धरून "येतेय, येतेय" करत बसायची, आणि तेवढ्यात शिंकच परत जायची.

हे सगळं काकांसाठी. उभी हयात बसमध्ये घंटी वाजवण्यात गेली, आणि आता ध्यानीमनी नसताना काही वाजलं की त्यांचं अंग लाकूड होऊन जायचं. उभे असले तर ओंडक्यासारखे आडवेच. आजाराचं नाव एवढं लांबलचक, की डॉक्टरांनीही ते कागदात बघूनच वाचलं होतं. शिलाई मशीनच्या एकसुरी घरघरीचं मात्र त्यांना काही नव्हतं. उलट त्या तालावर त्यांना छान डुलकी लागायची.

त्या सकाळी काकू पडद्याला दुमड घालत होत्या आणि काका चहा पीत होते. दाराची बेल काकूंनी केव्हाच काढून टाकली होती, म्हणून आलेल्यांनी मूठ वापरली. धाड धाड धाड! काका खुर्चीत ताठ झाले, कप कलंडला, चहा सदऱ्यावर. दार ढकलून सोसायटीचे अध्यक्ष आत आले, मागोमाग चिटणीसबाई.

"बसा बसा, उठताय कशाला काका! एवढा मान नको आम्हाला," अध्यक्ष म्हणाले.

"मान नाही देत ते. अंग आखडलंय," चहा टिपत काकू म्हणाल्या.

"हेच! अगदी हेच लोकांपर्यंत पोचायला हवं," असं म्हणून अध्यक्ष समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले. बेत असा होता, की रविवारी काकांच्या आजारासाठी सगळ्या वस्तीची पदयात्रा काढायची. "पलीकडच्या इमारतीत बघा, घरटी मधुमेह. त्याला कोण विचारतंय? आपल्याकडे लाखात एक आजार आहे, वहिनी. वस्तीचा मान आहे हा!"

काकूंच्या ओठांवर चार शब्द आले होते. पण काकांचा जबडा सैल झाला आणि तेच आधी बोलले, "मी पण येणार. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत."

काकूंचा हात थांबला. गेलं वर्षभर काका जिना उतरले नव्हते. बस कोपऱ्यावर वळली, की आवाजावरून गाडी जुनी की नवी ते खुर्चीतूनच सांगायचे. इतक्या दिवसांत त्यांनी काही मागितलं असेल तर हे.

मग काकू पदयात्रेच्या बैठकीला गेल्या. बैठकीत टी-शर्टच्या रंगावरून रण पेटलं होतं. चिटणीसबाईंना जांभळा हवा होता, खजिनदारांच्या बायकोला जांभळा शोभत नव्हता. शेवटी पिवळ्यावर तह झाला, तो दोघींनाही शोभत नव्हता म्हणून. आजाराचं नाव पाठीवर मावेना, तेव्हा ते अर्ध्यातच तोडलं. त्यानंतर बँडचा विषय निघाला.

"बँड नको," काकू म्हणाल्या. "अचानक वाजलं की हे पडतील."

"अहो, बँडशिवाय?" चिटणीसबाईंनी डोळे मोठे केले. "मुकाट्याने चालायला ती काय प्रेतयात्रा आहे?"

"आजार दुर्मीळ आहे वहिनी, गर्दी दुर्मीळ व्हायला नको," अध्यक्ष म्हणाले आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन आजूबाजूला बघू लागले. "असं करू, काकांच्या कानात कापूस घाला."

"नाहीतर त्यांना वर खिडकीतच बसवा," खजिनदारांनी सुचवलं. "आम्ही खालून हात करू. फोटोही चांगला येईल."

ज्याच्यासाठी चालायचं, तो सोडून सगळे चालणार होते. काकू घरी आल्या. "काय ठरलं?" काकांनी विचारलं. "पिवळा," काकू म्हणाल्या, आणि मशीनवर बसून उगाचच सरळ शिवण घालत राहिल्या.

रविवारी काका पहाटेपासून तयार. सदरा इस्त्रीचा, बूट पॉलिश केलेले. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला लेक, असे जिना उतरून ते इमारतीच्या दाराआड येऊन उभे राहिले. बाहेर पिवळी गर्दी. बँडवाले ढोलावर टिपऱ्या टेकवून खुणेची वाट बघत होते, एक उत्साही गृहस्थ ओठांत शिट्टी धरून. अध्यक्ष माइकवर बोलत होते. त्यांच्या भाषणाचा काकांना काडीचा त्रास नव्हता. त्यात अचानक असं काही नसायचंच.

"भाषण संपलं की सगळं एकदम सुरू होणार," लेक कुजबुजली. "आई, बाबांना वर नेऊ या का?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. ते गर्दीच्या डोक्यांवरून कोपऱ्याकडे बघत होते. पाय दाराबाहेर पडायला उतावीळ झाले होते. "बाबांना धरून ठेव," काकू म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट व्यासपीठाशी गेल्या.

"अरे वा, वहिनी आल्या!" अध्यक्षांचा चेहरा उजळला. "अगदी वेळेवर! मंडळी, ही सगळी वस्ती आज यांच्या पाठीशी आहे. बोला वहिनी, संकोच नको. मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहायचं? वर्तमानपत्रात छापून आणायचं? तुम्ही फक्त शब्द टाका, आम्ही काहीही करू."

त्यांनी माइक पुढे केला. काकूंनी तो हलकेच बाजूला सारला. अध्यक्षांकडे नाही, बँडवाल्यांकडे आणि शिट्टीवाल्याकडे बघून त्या साध्या आवाजात म्हणाल्या,

"यांना कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत चालत जायचंय. आम्ही पोचेपर्यंत काही वाजवू नका."