तपासून पाहिलेलं धुराडं

आमच्या स्वयंपाकघराच्या छपराला आग लागली, तेव्हा माझ्या यादीतल्या तेवीसच्या तेवीस कलमांपुढे बरोबरची खूण होती.

यादी अर्थातच मी केली होती. मला याद्यांची सवय आहे. वाण्याची यादी, धोब्याची यादी, कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं राहिलंय त्यांची यादी. (एक याद्यांचीही यादी होती. हसू नका, तिचा उपयोग होत असे.) ही होती धुराड्याची यादी, आणि ती करण्यामागे माझी आई होती.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. बंगळुरातलं जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर, मुलगा नंदू वसतिगृहात, आणि घरात मी, माझी शिस्त आणि एक रिकामी खोली. आई बेळगावला माझ्या थोरल्या भावाकडे असे. घरात रेडिओ आहे हे लोक जसं सांगत, तसं दादा चारचौघांत सांगे, "आई माझ्याकडे असते!" त्याच्या स्वयंपाकघराला धड खिडकीही नव्हती. चुलीच्या धुरानं आईचे डोळे गेल्यात जमा होते, रात्र-रात्र खोकला. रॉकेलच्या स्टोव्हवरचा भात तिच्या घशाखाली उतरत नसे आणि डॉक्टर म्हणत, धुरापासून लांब ठेवा.

मी दादाला लिहिलं, "आईला कायमची माझ्याकडे पाठव. मी धुराड्याची चूल बसवते."

उलट टपाली उत्तर आलं, "मी स्वतः घेऊन येतो. धुराडं बघीन. सुरक्षित वाटलं तर ती राहील. नाहीतर परत नेईन."

म्हणजे परीक्षा! मी वही काढली.

चिकपेटेच्या बाजारातून पत्र्याचा पाइप आणला. मुनियप्पा नावाचा गवंडी गाठला. त्याने चूल छान बांधली, कौलं काढून पाइप छपराबाहेर नेला. पण पाइपाभोवती चांगली वीतभर फट राहिली आणि पहिल्याच सरीला पाणी थेट चुलीत!

"ही फट?" मी विचारलं.

"फट पाहिजे अक्का. पाइप तापतो, बाजूला लाकडाचे वासे आहेत."

"आणि पाणी? माझी आई काय छत्री धरून भाकऱ्या करणार? बुजवा!"

"फटीवर पत्र्याची झालर करून घेतो. आठ दिवस लागतील."

"परवा माणसं यायचीत!"

त्याने मान खाजवली. "मग काहीतरी द्या. कोंबतो, वरून चुना मारतो."

मी आत गेले. ट्रंकेत 'निकाल लावणे' अशी चिठ्ठी टाचलेलं एक गाठोडं होतं. वरचं जे हाताला लागलं ते त्याच्या हवाली केलं. त्याने ते कोंबलं, चुना मारला आणि निरोप घेताना म्हणाला, "एनू आगल्ला अक्का." म्हणजे, काही होत नाही. (बंगळुरात हे वाक्य ऐकलं की माणसाने देव पाण्यात ठेवावेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

मग मी तपासणी केली. पाइप हलतो का? नाही. सांधे घट्ट? घट्ट. फट बुजली? बुजली! धूर वर जातो का, हे बघायला चार उदबत्त्या पेटवून चुलीच्या तोंडाशी धरल्या. धूर सुळकन पाइपात.

"उत्तम!" मी खूण केली.

"अगं, उदबत्ती म्हणजे लाकूड नव्हे," हे म्हणाले. "तासभर जाळ घालून बघ की."

"नव्या चुलीत पहिला जाळ आईच्या हातचा व्हायचाय."

"पण तपासणी म्हणजे..."

"तुम्ही कारखान्यात तपासा!"

ते कारखान्यात गेले.

दादा आणि आई टांग्यातून उतरले ते सकाळी. दादाने चहासुद्धा घेतला नाही. टोपी काढली, स्टुलावर चढला, पाइपावर टिचक्या मारल्या. मी खाली वही घेऊन उभी.

"फट?"

"बुजवलीय."

"घट्ट?"

"बोट शिरायचं नाही!"

कशाने बुजवलीय, हे त्याने विचारलं नाही आणि मी लिहिलं नव्हतं. तेवीस कलमं झाली. दादा उतरला, हात झटकले आणि दात काढून घेतल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "ठीक आहे. राहू दे आईला."

जिंकले! आईचे डोळे वाचणार याचा आनंद मोठा, की दादा हरला याचा, ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

आईने चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि जाळ केला. लाकडं धडधडून पेटली, धूर शहाण्यासारखा वर गेला. आई पाटावर बसून भाकरी थापत होती. थोड्या वेळाने तिने पदर डोळ्यांना लावून बघितला. कोरडा!

"सुमे, डोळ्यांतनं पाणी नाही गं आलं!"

आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

पाचवी भाकरी तव्यावर पडली आणि जळका वास सुटला.

"दूध उतू गेलं काय?" दादा म्हणाला.

"नवा पाइप आहे, पहिल्यांदा तापला की वास येतोच," मी ठोकून दिलं.

इतक्यात शेजारच्या पद्मक्का कुंपणावरून ओरडल्या, "अक्का! होगे! होगे!" होगे म्हणजे धूर.

"हो हो, येणारच!" मी खिडकीतून अभिमानाने ओरडले. "धुराडं बसवलंय!"

"पाइपातून नाही हो! कौलांतून!"

सगळे अंगणात धावलो. पाइपातून अगदी बेताचा, सभ्य धूर येत होता. बाकीचा सगळा चारी बाजूंनी कौलांतून!

"शिडी!" दादा ओरडला.

शिडी नव्हती. मुनियप्पाची शिडी वेळेवर परत केल्याची खूण वहीत होती. दादा पंचावन्नाव्या वर्षी धोतर खोचून न्हाणीघराच्या भिंतीवर चढला, तिथून छपरावर. मी बादल्या भरून देत होते, पद्मक्का खालून कन्नडमधून सूचना देत होत्या, दादा बेळगावी मराठीत त्यांना उत्तरं देत होता. त्याने कौलं भिरकावली, चिमट्याने पाइपाभोवतीचा पेटलेला गोळा उपसून खाली फेकला. मी त्यावर पाणी ओतलं. दोन वासे नुसते काळे झाले होते. वाचलो!

आई हळूहळू पुढे आली. वाकली. त्या काळ्या लगद्याचा एक कोपरा जळायचा राहिला होता. दिसत तर तिला धड नव्हतं. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ही माझी गोधडी."

नंदूच्या बारशाला तिने स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. चष्म्याशिवाय, हाताने, चार महिने बसून.

"आई, ती पार फाटली होती," मी म्हणाले. याद्या करणाऱ्या बाईला अशा वेळी हेच सुचतं.

"फाटणारच की. अठरा वर्षं झाली."

"मी बघितलंही नाही गं, वरचं जे होतं ते..."

"असू दे. कामाला आली म्हणायची." तिने तो तुकडा पिळला आणि न्हाणीच्या दगडावर नीट पसरून ठेवला. मग म्हणाली, "तव्यावरची भाकरी करपली असेल बघ."

दादाला आता माझी सालं काढता आली असती. मी वाट बघत होते. त्याचे हात भाजले होते, धोतर काळं झालं होतं, आणि तो माझ्या रिकाम्या बादल्या उचलून न्हाणीत ठेवत होता. जन्मात पहिल्यांदा! तेच मला जास्त लागलं.

आई त्याच्याबरोबर परत निघाली. टांग्याचा दांडा धरून मी म्हणत होते, "आई, आठ दिवसांत पत्र्याची झालर करून घेते. मग येशील ना?"

"करून घे की. धुराडं चांगलं आहे गं. धूर नव्हता." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पण सुमे, तुझ्या घरात फाटकं काही राहत नाही. मी तरी आता कुठं नवी आहे?"

टांगा गेला.

झालर मी आठ नव्हे, सहाच दिवसांत करून घेतली. वाशांपासून वीतभर अंतर, वर पत्रा, खाली विटा. ह्यांनी कारखान्यातून दोन इंजिनिअर आणून दाखवली. दोघांनी मान डोलावली. पत्रावर पत्रं लिहिली. आई दादाकडेच राहिली, धुरात, शेवटपर्यंत.

आमचं धुराडं मात्र आजही शंभर टक्के सुरक्षित आहे. नव्या वसाहतीतल्या बायका ते बघायला येतात, त्यांना मी सगळं नीट समजावून सांगते. चुलीत मी कांदे-बटाटे ठेवते. वरून हवा इतकी छान खेळती राहते, की एवढ्या वर्षांत एका बटाट्याला मोड आलेला नाही!