वगळलेलं कपाळ

आमच्याच घरच्या हळदीकुंकवात वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन फिरत होती. माझ्या विधवा आईला वगळून ती पुढे गेली. नुकतीच आजारातून उठलेली आई कोपऱ्यात बसली होती. ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याने तिचं बोट आतून तांबडं उजळलं होतं.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. रक्त फुफ्फुसातून प्राणवायू घेतं, पोटातून अन्नाचं सत्त्व घेतं आणि पायाच्या करंगळीपर्यंत पोचवतं. येताना तिथला कचराही उचलून आणतं. एखाद्या अवयवाला वगळायचं शहाणपण त्याला कधी सुचत नाही.

मी वहिनीच्या हातून करंडा घेतला.

"अगं, लोक काय म्हणतील?" आई पुटपुटली.

"म्हणू देत. तुझ्या कपाळात रक्त येतंय, ते कुणाला विचारून येतं का?"

आईने मान वर केली.

"मग जरा मोठं लाव."