जातीबाहेरच्या पणजोबांकडून जातीचा पुरावा

आमच्या घराण्यानं माझ्या सख्ख्या पणजोबांना जातीबाहेर काढलं, आणि गेल्या वर्षी जातीचा पुरावा शोधत त्यांच्याच दारात जायची वेळ आली. लेकीचा मेडिकलला नंबर लागला होता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, तर जागा गेली. पुरावा जुना हवा, आणि आमच्याकडे जुनं म्हणून काय होतं, तर ऐट.

पणजोबांचा गुन्हा भयंकर होता. दर्यापूरच्या बाजारातून परतताना ते एका घरी पोटभर जेवले. आमची मंडळी तेव्हा त्या घरचं पाणीही पीत नसत. पंच म्हणाले, माफी माग, गावजेवण घाल, परत घेतो. एका जेवणाचं पाप दुसऱ्या जेवणानं कसं धुतलं जातं, हे काही पणजोबांना पटलं नाही. ते गाव सोडून गेले. पणजी आणि तान्हे आजोबा मागे राहिले. पुढे आजोबांच्या थोरल्या चुलत्यानं शाळेत त्यांचा बाप म्हणून स्वतःचंच नाव लावलं आणि विषय मिटवला.

तो अमरावतीच्या कार्यालयात पुन्हा निघाला. आजोबांच्या जन्मनोंदीत बाप खरा, पण जातीचा रकाना कसरीनं खाल्लेला. शाळेच्या नोंदीत जात शाबूत, पण बाप भलताच. बाबू शांतपणे म्हणाले, "सर, आधी बाप कोणता ते घरी ठरवून या."

घरी ठरवायचं म्हणजे मोठ्या काकांना विचारायचं. ते अंजनगाव सुर्जीजवळ शेती करतात आणि घराण्याची अब्रूही तेच राखतात. "असा कोनी आपल्या खानदानीत झालाच नाई," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "झाला नाई कसा? मामंजींच्या तेरवीले अकोल्याहून त्याची नात आली होती. तुमीच तिले दारातून वापस धाडलं."

काकूंना पत्ता तोंडपाठ होता. पणजोबांनी अकोल्यात दुसरा संसार केला होता, त्यांना तिथं एक मुलगा झाला होता, आणि ही त्या मुलाची मुलगी. म्हणजे नात्यानं माझी आत्या. एसटीत बसून मी कारणांची आणि क्षमेची मोठी तयारी केली. वाया गेली. एका जुन्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत एका सत्तरीच्या बाईनं मला वरखाली पाहिलं आणि म्हणाली, "नाक तं आमच्या बुढ्याचंच हाय. बस, चहा ठेवतो."

चहानंतर तिनं पत्र्याच्या पेटीतून आपल्या बापाचा शाळेचा दाखला काढला. त्यावर पणजोबांचं नाव, मूळ गाव, आणि जात. स्वच्छ, ठसठशीत. ज्यांनी हाकललं त्यांचीच जात पणजोबांनी पोराच्या दाखल्यावर लिहवून घेतली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "पोरीचं काम हाय. फक्त वंशावळीत आमालेबी टाकजो."

वंशावळीवर घरातल्या वडीलधाऱ्याची सही लागते. काकांनी चष्मा लावून कागद पाहिला. पणजोबांखाली आता दोन फांद्या होत्या. "तिच्या बापाचं नाव राहू दे, दाखला त्याचा हाय," ते म्हणाले. "पर त्याच्याखाली ते सारे काहून? उद्या वावरात हिस्सा मांगतीन. निर्वंश लिही. नाईतं मी सही करत नाई."

मुदतीला तीन दिवस होते. लेक सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारत होती. मी शाळेत मराठी शिकवतो, माझं अक्षर वळणदार आहे. चार दिवसांपूर्वी जिच्या हातचा चहा प्यालो, तिच्या बापाच्या नावाखाली मी नवा कागद घेऊन वळणदार अक्षरात 'निर्वंश' असं लिहिलं.

प्रमाणपत्र मिळालं. काकांनी पेढे वाटले आणि खानदानी रक्ताचं कौतुक केलं. मीही पेढा खाल्ला.

गेल्या महिन्यात अकोल्याहून फोन आला. "माह्या भावाच्या पोराची पोरगी यंदा बारावीले हाय. तिलेबी हेच प्रमाणपत्र लागते. तुमची वंशावळ जोडली का काम लवकर होते म्हनतात. त्या कागदाचा फोटो पाठवजो बापू."

"पाठवतो, आत्या," मी म्हणालो. तिला मी पहिल्यांदाच आत्या म्हटलं, आणि ते तिला किती आवडलं हे फोनवरही कळलं.

"घाई नाई," ती म्हणाली. "आपल्याच घरचं काम हाय."